काटा म्हणतो फॅट वाढलं, टेप म्हणते कंबर कमी झाली, मग खरं कोण?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे की बारा आठवडे, आठवड्यातून चार दिवस व्यायाम केलात, सुरुवातीलाच घरी बॉडी कॉम्पोझिशनवाला, म्हणजे वजनासोबत चरबी-स्नायू किती तेही दाखवणारा, स्मार्ट काटा आणला, पहिल्या दिवशी त्याने वजन ७१.८ किलो आणि फॅट ३३.१ टक्के दाखवलं, आता वजन ७०.९ आणि फॅट ३३.८. हिशोब केला तर चरबी २०० ग्रॅम वाढली आणि ॲप ज्याला मसल म्हणतं ते जवळजवळ किलोभर घटलं. आणि दुसरीकडे कंबर ९१ सेंटिमीटरवरून ८६ वर आलीये, आधी नुसते दहा स्क्वॉट जमत नव्हते ते आता २० किलो घेऊन होतायत. तर व्यायाम चुकतोय का, खाणं अजून कमी करू का, आणि ॲपमधला ॲथलीट मोड चालू करू का, असं विचारलंय.

आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे जीव भांड्यात पडेल. व्यायाम चुकत नाहीये. पाच सेंटिमीटर कंबर उगाच उतरत नाही. तुमची तुलना चुकली आहे, आणि ती कुठे चुकली ते तुम्ही स्वतःच लिहिलंय, फक्त तुमच्या लक्षात आलं नाही. काटा आणला त्या दिवशी संध्याकाळी खोक्यातून काढून लगेच उभ्या राहिलात, आणि आता रोज सकाळी उठल्या उठल्या बघता. संध्याकाळचा आकडा आणि सकाळचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. का, ते कळायला हा काटा आत काय करतो ते माहीत हवं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी गेली १४ वर्षं लोकांना व्यायाम शिकवतेय आणि या एका यंत्रामुळे चांगली चाललेली माणसं व्यायाम सोडून देताना बघितलीयत, त्यामुळे हे सांगताना थोडी लांबण लागली तरी चालेल.

काटा खरोखर मोजतो फक्त दोन गोष्टी. एक वजन, आणि दुसरी तुमच्या शरीराने विजेला केलेला अडथळा. तुम्ही अनवाणी त्या धातूच्या पट्ट्यांवर उभ्या राहता तेव्हा एका तळव्यातून अगदी बारीक, जाणवतही नाही इतका करंट सोडला जातो, मिलिअँपिअरपेक्षाही कमी, आणि बहुतेक काट्यांत तो ५० किलोहर्ट्झचा असतो. स्नायूंमध्ये जवळपास तीन चतुर्थांश पाणी असतं आणि त्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे तिथून करंट सहज जातो. चरबीत पाणी फार कमी, तिथून तो अडखळत जातो. अडथळा कमी म्हणजे पाणी जास्त, पाणी जास्त म्हणजे स्नायू वगैरे जास्त, आणि वजनातून ते वजा केलं की उरली ती चरबी, असा तो सगळा तर्क आहे. चरबीला यंत्र प्रत्यक्ष हातही लावत नाही, ती शेवटी वजाबाकीत उरते. म्हणजे पाण्याचा अंदाज जेवढा चुकला तेवढी सगळी चूक चरबीच्या आकड्यात येऊन पडते.

आणि हा करंट जातो कुठून तर एका पायातून वर, ओटीपोटाजवळून दुसऱ्या पायात, आणि खाली. पोट, छाती, हात यांच्यापर्यंत तो जवळजवळ पोचतच नाही. वरच्या भागाचा आकडा हा पायांवरून आणि तुमच्या उंची, वय, लिंग, वजनावरून सूत्राने काढलेला असतो. ज्यांचं फॅट मुख्यतः पोटावर आहे त्यांना हा काटा सहसा कमी फॅट दाखवतो आणि ज्यांचं मांड्यांवर आहे त्यांना जास्त. हातात धरायचा दांडा असलेले काटे येतात ते या बाबतीत बरे, कारण करंट धडातूनही जातो, पण तिथेही सूत्र आहेच. जपानच्या टॅनिटा कंपनीने १९९२ मध्ये असा पायांवर चालणारा काटा बाजारात आणला तेव्हापासून तत्त्व हेच आहे, आताच्या काट्यांना ब्लूटूथ आणि रंगीत ॲप आलं एवढंच.

आता तुमची ती संध्याकाळ. दिवसभर उभं राहून, खुर्चीत बसून पायांत पाणी उतरतं, संध्याकाळी मोज्यांचे वळ उठतात ना तेच. पायांत पाणी वाढलं की अडथळा कमी, काट्याला वाटतं स्नायू जास्त आहेत, फॅट कमी दिसतं. सकाळी झोपून उठल्यावर तेच पाणी वर शरीरभर पसरलेलं असतं, अडथळा वाढतो, फॅट जास्त दिसतं. एकाच माणसाचं सकाळ-संध्याकाळ एक-दोन टक्के इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. वर संध्याकाळी पोटात दिवसभराचं खाणंपिणं असतं म्हणजे ते ७१.८ सुद्धा सकाळी मोजलं असतं तर बहुधा ७१ च्या आसपास असतं. त्यामुळे तुमची खरी गोष्ट अशी दिसते की वजन जवळपास तेवढंच राहिलं, कंबर पाच सेंटिमीटर गेली आणि ताकद चांगलीच वाढली. नवीन व्यायाम सुरू केलेल्या माणसाकडून मला याहून चांगलं काही नको असतं. तो पहिला आकडा वहीतून खोडून टाका, त्याच्याशी कशाचीच तुलना करू नका.

मी माझ्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक प्रयोग करायला लावते, तुम्हीही घरी करून बघा. आधी नेहमीसारखं उभं राहायचं, आकडा लिहायचा, मग लगेच हातात २ किलोचा डंबेल घेऊन परत उभं राहायचं. गेल्या महिन्यात एका मुलाचे ६८ किलो आणि २८.० टक्के होते, डंबेल घेतल्यावर ७० किलो आणि २९.३ टक्के. तो माझ्याकडे बघतच राहिला. लोखंड हातात आहे, करंट पायातून जातोय, अडथळा तोच राहिला आणि वजन वाढलं, मग काट्याच्या सूत्राने त्या दोन किलोतला दीड किलो सरळ चरबीत टाकला. आता डंबेलच्या जागी अर्धा लिटर पाणी पिऊन उभं राहा, किंवा जेवून उभं राहा, तेच होणार. (काही काटे थोड्या वेळात परत उभं राहिलं तर जुनाच आकडा दाखवतात, तसं वाटलं तर ॲपमध्ये गेस्ट म्हणून मोजा.)

दुसरा प्रयोग, ॲपमध्ये तुमचं वय दहा वर्षांनी वाढवून लगेच परत मोजा. बहुतेक काट्यांत फॅट बदलेल. शरीर तेच, मिनिट तेच. उंचीचंही तसंच, आणि उंची तर सूत्रात वर्ग करून येते, त्यामुळे १६५ च्या जागी १६८ टाकली की बिनचरबीचं वजन किलोभर तरी जास्त दिसेल. म्हणून उंची भिंतीला पाठ लावून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून एकदा नीट मोजा आणि नंतर तिला हात लावू नका.

पाण्याचं अजून थोडं सांगते कारण नव्वद टक्के गोंधळ तिथेच आहे. शरीर स्नायूंमध्ये आणि यकृतात साखर साठवतं, ग्लायकोजेन म्हणतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाण्यातले कार्ब्स एकदम कमी केले की पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात ते बहुतांश हेच पाणी. गंमत अशी होते की वजन तर उतरलं पण काटा म्हणतो मसल गेले आणि फॅटचा टक्का वाढला, कारण पाणी गेलं. माणूस घाबरतो. उलट नवीन व्यायामाने अंग दुखत असेल तर स्नायूंना आतून सूज असते, ती पाणी धरते, वजन वाढतं. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) सुरू केलं तर पहिल्या काही दिवसांत एखाद-दोन किलो, तेही स्नायूंतलं पाणी. रात्री खारट खाल्लं, कमी झोप झाली, लांबचा प्रवास केला, सगळ्याचा पाण्यावर परिणाम. व्यायाम झाल्या झाल्या तर अजिबात मोजू नका, घाम गेलेला असतो, त्वचा गरम असते, पायांत रक्त जास्त असतं, त्या वेळचा आकडा कुठल्याच बाजूला विश्वासाचा नसतो.

आणि पाळी. माझ्या स्वतःच्या वहीत सहा वर्षांच्या नोंदी आहेत, पाळीच्या आधीचे तीन-चार दिवस वजन एक ते सव्वा किलोने वर जातं आणि पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत खाली येतं, महिन्यामागून महिने तसंच. प्रत्येकीचं थोडं वेगळं असतं पण बऱ्याच जणींचं असं होतं. म्हणून पाळी येणाऱ्या बाईने या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करण्यात अर्थ नाही, या पाळीनंतरच्या आठवड्याची तुलना मागच्या पाळीनंतरच्या आठवड्याशी करा. हे मला कुणी पहिल्याच वर्षी सांगितलं असतं तर खूप त्रास वाचला असता, म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटते.

एवढं साधं शास्त्र ठेवा की एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रात्रीतून किलोभर चरबी वाढायची तर रोजच्या जेवणाच्या वर ७७०० कॅलरी खाव्या लागतील. नाही खाल्ल्या ना, मग ते पाणी आहे किंवा पोटातलं अन्न आहे. स्नायूंचंही तेच, अगदी नवशिक्याला सगळं जमून आलं तरी महिन्याला अर्धा ते एक किलो म्हणजे डोक्यावरून पाणी. ॲप जर म्हणालं की तीन दिवसांत ८०० ग्रॅम मसल गेले, तर ते मसल नाहीत. बऱ्याच ॲपमध्ये मसल या शब्दात चरबी आणि हाडं सोडून सगळं येतं, रक्त, अवयव, पाणी, सगळं. व्यायामाने वाढणारे स्नायू त्याचा एक भाग फक्त.

मोजायचं कसं तर सकाळी उठल्यावर, टॉयलेटला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी, कमीत कमी कपड्यांत. काटा कडक सपाट फरशीवर, गालिच्यावर नाही, आणि रोज त्याच जागी, कारण खाली चार कोपऱ्यांत चार सेन्सर असतात आणि काट्याचा एक पाय फरशीच्या फटीवर टेकला तरी फरक पडतो. तळवे अगदी कोरडे खडखडीत किंवा थंडगार असतील तर करंट नीट जात नाही, ओल्या फडक्याने पुसून एक मिनिट थांबा. टाचा आणि चवडे दोन्ही पट्ट्यांवर नीट यायला हवेत. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, मांड्या एकमेकींना चिकटल्या असतील तर करंट तिथूनच शॉर्टकट घेतो आणि फॅट कमी दिसतं. एक दिवस चिकटलेल्या, दुसऱ्या दिवशी नाही, असं झालं की आकडा उड्या मारतो. पाय थोडे फाकवून उभं राहा किंवा मध्ये कापड धरा, काहीही करा पण रोज तेच करा.

रोज मोजा पण रोजचा आकडा मनावर घेऊ नका, आठवड्याची सरासरी काढा. समजा आठवडाभर वजनं अशी आली, ७०.४, ७१.१, ७०.८, ७१.६, ७०.९, ७०.३, ७०.५. यातल्या चौथ्या दिवशी ७१.६ बघून माणूस नाश्ता सोडतो आणि सहाव्या दिवशी ७०.३ बघून खूश होतो, आणि आठवड्याची सरासरी बघितली तर ७०.८. पुढच्या आठवड्यात (पाळी येत असेल तर पुढच्या महिन्याच्या त्याच आठवड्यात) ती ७०.५ आली तर काम चालू आहे. फॅटच्या टक्क्याची सरासरी मी आठवड्याची सुद्धा बघत नाही, महिन्याची बघते, आणि एक टक्क्याच्या आतला फरक असेल तर काहीच झालं नाही असं धरते. आठ-बारा आठवडे तो आकडा एकाच दिशेने हळूहळू सरकत असेल तर मात्र त्यात तथ्य असतं. मूळ आकडा चुकीचा असला तरी चालतो, रोज तेवढाच चुकीचा असला पाहिजे. तुमचं खरं फॅट ३३ आहे का ३० का ३७, हे या काट्याला माहीत नाही आणि तुम्हालाही ते माहीत असायची गरज नाही. डेक्सा स्कॅन, म्हणजे एक्स-रेने चरबी आणि हाडं मोजणारी तपासणी, बरंच जवळ जातं पण तेही पाण्याने थोडं हलतं, आणि दोन वेगवेगळ्या मशीनचे आकडे जुळतीलच असं नाही. जिमच्या मशीनवर २९ आले आणि घरी ३३, हा प्रश्न मला दर महिन्याला येतो, उत्तर एकच, दोघांची तुलना करू नका, एक धरा.

ॲपमधले बाकीचे आकडे भराभर सांगते. बोन मास म्हणजे हाडांची घनता नव्हे, ते तुमच्या बिनचरबीच्या वजनावरून काढलेलं गणित आहे, हाडं ठिसूळ आहेत का हे त्यातून कळत नाही. मेटाबॉलिक एज, म्हणजे ॲप सांगतं ते शरीराचं 'वय', बघूच नका. बीएमआर, म्हणजे नुसतं पडून राहिलात तरी शरीर दिवसभरात किती कॅलरी जाळतं, हा ठीकठाक अंदाज, पण सूत्रातूनच आलेला. व्हिसरल फॅट, म्हणजे पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी, ही खरंच महत्त्वाची गोष्ट आहे आणि म्हणूनच ती पायातून जाणाऱ्या करंटवर सोडू नये, त्यासाठी टेप. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी हा साधा नियम लक्षात ठेवा. उंची १६५ असेल तर ८२.५ च्या आत. तुम्ही ८६ वर आहात, ९१ वरून. आता कळलं का मी एवढी का खूश आहे?

टेपसुद्धा नीट लावा. सर्वात खालची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून झाल्यावर, टेप कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही, दोनदा मोजून सरासरी. दोन आठवड्यांतून एकदा पुरे.

मग तीन गोष्टी शेजारी ठेवायच्या, वजनाची सरासरी, कंबर, आणि व्यायामातली वजनं. वजन हळू उतरतंय, कंबर उतरतेय, ताकद टिकून आहे, तर चरबीच जातेय, काटा काही का म्हणेना. वजन तेवढंच, कंबर कमी, ताकद वाढतेय, ही तुमची केस, चरबी जातेय आणि स्नायू येतायत. वजन आणि कंबर दोन्ही वाढतायत महिनाभर, तर खाणं जास्त होतंय, सरळ आहे. आणि ज्याची मला खरी भीती वाटते ते म्हणजे वजन आठवड्याला एक टक्क्याहून जास्त वेगाने पडतंय, व्यायामात वजनं कमी करावी लागतायत, झोप लागत नाही, चिडचिड होतेय, तिथे स्नायू जातायत आणि अशा वेळी काटा मात्र छान हिरवे बाण दाखवत असतो.

म्हणूनच खाणं अजून कमी करू नका. काट्याच्या त्या ०.७ टक्क्यापायी जेवण तोडलंत तर जे बारा आठवड्यांत कमावलंय तेच जाईल. उलट प्रोटीन बघा, शरीराच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे तुमच्यासाठी दिवसाला साधारण ८५ ते ११० ग्रॅम, किडनीचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. आणि स्क्वॉटचं वजन वाढवत राहा.

काही जणांनी या काट्यावर उभंच राहू नये. पेसमेकर किंवा शरीरात असं दुसरं विजेवर चालणारं उपकरण असेल तर करंट सोडणारा काटा नकोच, साधा काटा वापरा. गरोदरपणातही नको, तेव्हाचे आकडे अर्थहीन असतात आणि मनाला त्रास वेगळा. पायांवर सूज असणाऱ्यांचं फॅटचं रीडिंग धरू नये, आणि हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्या माणसाचं वजन दोन-तीन दिवसांत एकदम दोन किलोने वाढलं आणि पाय सुजले तर तो फिटनेसचा प्रश्न नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि सकाळचा आकडा बघून तुमचा पूर्ण दिवस खराब जात असेल, जेवताना तो आकडा डोळ्यासमोर येत असेल, तर महिनाभर काटा कपाटात ठेवा आणि फक्त टेपवर चाला. माझ्याकडच्या एका ताईंना मी तेच सांगितलं होतं, त्यांनी चार महिने काटा बघितला नाही आणि त्या चार महिन्यांत एकही दिवस व्यायाम चुकला नाही.

राहिला ॲथलीट मोड. तो मोड वेगळं सूत्र लावतो, वर्षानुवर्षं आठवड्याला दहा-बारा तास व्यायाम करणाऱ्या लोकांसाठी बनवलेलं, तो चालू केला की त्याच मिनिटाला फॅट काही टक्क्यांनी खाली दिसेल. तुम्ही त्यात बसत नाही अजून, आणि बसत असतात तरी मध्येच सूत्र बदललं की मागच्या सगळ्या नोंदींशी तुलना तुटते. आहे तोच मोड राहू दे. आणि पुढे कधी काटाच बदलायची वेळ आली तर जुना लगेच देऊन टाकू नका, दोन आठवडे रोज सकाळी दोन्हींवर लागोपाठ उभं राहून दोघांत किती फरक येतो ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे जुन्या नोंदी वाया जाणार नाहीत.